इंग्लंडमध्ये दिवाळीची रजा कशी मागावी

इंग्लंडमध्ये नोकरीला लागल्यावर गणपती-दिवाळीला रजा मिळते का आणि नवीन असताना ती मागितली तर वाईट दिसतं का, असं तुम्ही विचारलंय. मिळते, आणि अजिबात वाईट दिसत नाही. फक्त त्या दिवसाची सुट्टी हक्काची नसते.

आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवस पगारी रजा असते. आठ बँक हॉलिडे, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या, त्यातच धरायची कंपनीला मुभा आहे. मग हातात वीसच दिवस उरतात, आणि सण, भारतवारी सगळं त्यातच बसवायचं. करारात '२८ दिवस, बँक हॉलिडे धरून' लिहिलंय का, ते सही करण्याआधी बघा.

माझ्या पहिल्या टीममध्ये जो आधी मागेल त्याला रजा, असा नियम होता. ऐकायला न्याय्य वाटतो. पण २०२४ ची दिवाळी बहुतेक शाळांच्या ऑक्टोबरमधल्या हाफ टर्म सुट्टीत आली आणि ते दिवस मुलंबाळं असलेल्यांनी जानेवारीतच घेऊन ठेवले होते. मी सप्टेंबरात मागितली, नकार आला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी शिफ्टवर होतो. ते अजून लागतं मनाला. एका मुस्लिम सहकारी बाईंची अडचण तर याहून मोठी. ईद चंद्रदर्शनावर ठरते, त्यांनी जानेवारीत नक्की तारीख सांगायची कुठून?

आम्ही दोघं मॅनेजरकडे गेलो. प्रत्येकाने वर्षाच्या सुरुवातीला आपले सर्वांत महत्त्वाचे दोन दिवस सांगायचे, सण असो वा लेकराचा वाढदिवस. आधी ते लावायचे, उरलेलं नंतर. ईदसाठी लागोपाठचे दोन दिवस राखून ठेवायचे, चंद्र दिसला की एक सोडायचा. दोघांचे दिवस एकाच तारखेला आले, तर गेल्या वर्षी ज्याला नकार मिळाला त्याला आधी. हे टिकलं, कारण यात धर्म न मानणाऱ्यांचेही दिवस जपले गेले.

२०१० च्या समानता कायद्यात धर्माला संरक्षण आहे. त्याने रजेचा हक्क मिळत नाही, पण एखाद्या नियमाचा फटका एका धर्माच्या लोकांनाच जास्त बसत असेल, तर कंपनीला त्याचं सबळ कारण द्यावं लागतं. बोलणं कायद्यापासून सुरू करू नका. नकार मात्र लेखी घ्या. अडलंच तर 'एकास' (Acas) ही नोकरीतल्या हक्कांविषयीची संस्था फोनवर मोफत सल्ला देते.

'तुमचा ख्रिसमस नसतो, तुम्हीच या कामाला,' असं कोणीतरी म्हणेलच. एखाद्या वर्षी जरूर जा, बदल्यात दिवाळीची रजा ईमेलवर पक्की करून. दरवर्षीचं कबूल करू नका, तेव्हा तुमच्याही मुलांच्या शाळा बंद असतात. शिवाय २५ डिसेंबरला रेल्वे जवळपास पूर्ण बंद असते, कामावर पोहोचणार कसे ते आधी बघा.

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला, म्हणजे रजा लागेल ती पाडवा आणि भाऊबीजेला, १० आणि ११ तारखेला. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात या तारखा मॅनेजरला कळवा, सणाचं नाव लिहून.