जज्जबाईंना विचारा : पुढच्या रांगेतला सोफा

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात जळगावच्या निवृत्त जिल्हा न्यायाधीश.)

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच दिवाणी न्यायाधीश झाली. डिसेंबरात मैत्रिणींसोबत पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायचं म्हणते. तिच्या सासूबाई म्हणतात, न्यायाधीशाने चारचौघांत बसून माना डोलवणं शोभत नाही, "काय म्हनतीन लोके?" तुम्ही काय सांगाल?
— एक आई, चोपडा

उत्तर : ताई, सवाईला जाऊन मान डोलवायची नाही तर काय करायचं? खुशाल जाऊ द्या. शाल आणि चटई तेवढी बरोबर द्या, मंडपात थंडी वाजते.

विहीणबाईंचं म्हणणं मात्र अगदीच उडवून लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली न्यायाधीशांच्या वागणुकीची तत्त्वं ठरवली. पदाला साजेसं अंतर राखावं, घरचे, जवळचे नातलग आणि मित्र सोडून कुणाची भेटवस्तू किंवा पाहुणचार घेऊ नये, असं त्यात आहे. गाणं ऐकू नये, असं कुठेही नाही. तेव्हा मुलीला सांगायचं ते एवढंच : तिकीट स्वतःच्या पैशाने काढ. कुणा वकिलाने, बिल्डरने, आयोजकाने दिलेला पास घेऊ नकोस. आणि आपल्याच तालुक्यात कार्यक्रम असेल, तर पुढच्या रांगेतल्या सोफ्यापासून लांब राहा.

सोफ्याचं सांगते. एका तालुक्याच्या गावी असताना मैदानावर गाण्याचा कार्यक्रम होता. पौषातली थंडी, मी सतरंजीवर नीट मांडी घालून बसलेली. तेवढ्यात आयोजक आले. "मॅडम, तुम्ही इथे? पुढे चला, पुढे चला." पुढे लाल मखमली सोफा, पाठीवर क्रोशाचे रुमाल, समोर टीपॉयवर काजूची बशी. शेजारच्या गृहस्थांनी हसून नमस्कार केला. त्यांचा शेताच्या वाटणीचा दावा माझ्यापुढे चालू होता. मागे वळून पाहिलं तर त्यांचा चुलतभाऊ, म्हणजे दाव्यातला प्रतिवादी, शेकोटीपाशी उभा. तो गाणं ऐकत नव्हता, आमच्या सोफ्याकडे बघत होता. मी काजूला हात न लावता उठले आणि पुन्हा सतरंजीवर जाऊन बसले. आयोजक रुसले, रुसू देत.

अंतर राखायचं ते या सोफ्यापासून. गाण्यापासून कशाला? माझे एक पुरुष सहकारी हरिनाम सप्ताहात टाळ घेऊन उभे राहायचे. गाव म्हणायचं, "साहेब किती साधे!" मी बंदिशीला दाद दिली की तेच गाव म्हणायचं, "जज्जबाईंना काही पोच आहे की नाही?" पदाची प्रतिष्ठा दोघांना सारखी, मग तिचा भार एकटीच्याच मानेवर कसा? विहीणबाईंना हेही सांगा, की सवाईचा समारोप वर्षानुवर्षं ज्यांच्या गाण्याने झाला, त्या प्रभाताई अत्रे कायद्याच्या पदवीधर होत्या.

प्रश्न : महिला न्यायाधीश बाईच्याच बाजूने निकाल देतात, असं ऐकतो. खरं का?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : सासू-सुनेच्या खटल्यात दोन्हीकडे बाईच असते. तिथे काय छापा-काटा करायचा? आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा १९९७ चा विशाखा निकाल आठवा. न्या. वर्मा, न्या. सुजाता मनोहर, न्या. कृपाल. तिघांत दोन पुरुष, आणि निकाल एकमुखी.

प्रश्न : आम्ही काही मंडळी दरवर्षी उघड्या मैदानावर शास्त्रीय संगीताची मैफल करतो. यंदा दहाला पोलीस आले आणि माइक बंद केला. शेवटची भैरवी राहिली ती राहिलीच. वरातीतला डीजे मात्र धडधडत असतो. कोर्टाला गाण्याचं वावडं आहे का?
— एक आयोजक, शिरपूर

उत्तर : भैरवी राहिली हे वाचून मलाही चुटपुट लागली. पण पोलिसांचं चुकलं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देता येते. ते दिवस आधीच जाहीर होतात, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयातून यादी आणा आणि मगच गवयाची तारीख घ्या. तुम्ही लोक आधी गवई ठरवता, मग परवानगीला पळता. मैदान रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत नाही ना, तेही बघा. तो पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. बंद नाट्यगृहाला दहाची ही अट लागत नाही.

सवाईसुद्धा पूर्वी रात्रभर चालायचा. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव घड्याळाकडे बघायला शिकला, तर तुम्हालाही जमेल. मैफल पाचला सुरू करा. प्रमुख पाहुणे, सत्कार, शाल-श्रीफळ, आभार यांत तासभर जातो. तो आमदारांसकट कापा, भैरवी आपोआप बसेल. नाहीतर सकाळीच ठेवा. आमच्याकडे जानेवारीत नऊला तोडी राग ऐकायला, हातात चहाचा कप आणि अंगावर ऊन, यासारखं सुख नाही. आणि डीजेबद्दल : ११२ ला फोन करा, ठिकाण आणि वेळ सांगा. तुमच्या तंबोऱ्याला लागू असलेला नियम वरातीलाही लागू आहे.

प्रश्न : मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यायव्यवस्थेत मुलींना आता सगळं खुलं झालं आहे का?
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : खालचा दरवाजा बराच उघडला आहे. तालुक्याच्या कोर्टात बाई न्यायाधीश दिसली तर आता कुणी वळून बघत नाही. वरचा जिना अजून अरुंद आहे. आपल्या शेजारच्या नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, पण बायकांना वकिली करू देणारा कायदा व्हायला १९२३ उजाडलं. अ‍ॅना चांडी १९३७ मध्ये त्रावणकोरात मुन्सफ, म्हणजे खालच्या कोर्टाच्या दिवाणी न्यायाधीश झाल्या, १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयात पोचल्या. मुंबई उच्च न्यायालयाला पहिली महिला न्यायाधीश मिळाली १९७८ मध्ये, त्या सुजाता मनोहर. सर्वोच्च न्यायालय १९५० चं, तिथे पहिली बाई, फातिमा बीवी, १९८९ मध्ये. २०२५ पर्यंत तिथे सगळ्या मिळून ११ जणी. ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला तर २०२७ मध्ये न्या. नागरत्ना पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, त्याही जेमतेम महिनाभरासाठी.

पण तुझी खरी अडचण वेगळी आहे. मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी ३ वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केली. नेमकी याच वयात घरात स्थळं यायला लागतात, आणि "आधी परीक्षा होऊ दे" म्हणायला पूर्वीसारखी सोय राहिली नाही. ती ३ वर्षं नुसत्या सनदेवर काढू नकोस. सीनियर निवडताना ऑफिस एसी आहे का, हे बघू नकोस. राष्ट्रपती होण्याच्या कितीतरी आधी प्रतिभाताई पाटील जळगावच्या कोर्टातच वकिली करत होत्या, तेव्हा जिल्ह्याचं कोर्ट कमी समजू नकोस. जो सीनियर तुला नुसता तारीख घ्यायला पाठवतो, तो सोड. जो साक्षीदाराची उलटतपासणी तुला करू देतो, त्याच्याकडे जा, पैसे कमी देत असला तरी.