शिडीची वीण आणि खांद्यावरचा गोफ

प्रश्न असा आहे: सैनिकी बुटांच्या 'लॅडर लेसिंग'ला, म्हणजे शिडीसारखी दिसणारी लेस ओवण्याच्या पद्धतीला, मराठीत 'सोपानबंधन' म्हणावे का? आणि हा सगळा मिरवण्याचाच प्रकार असेल, तर तो अर्थही शब्दात यायला हवा का?

सोपान म्हटले की आधी जिना आठवतो, शिडी नव्हे. शिवाय बुटाची लेस आपण बांधतो फक्त शेवटी, गाठ मारताना. त्याआधी ती ओवतो. या प्रकारात तर आडवी जाणारी लेस समोरच्या उभ्या पदराखालून काढतात. म्हणजे एक पदर दुसऱ्याखाली अडकतो, आणि अशा अडकण्याला मराठीत वीण म्हणतात. खाटेची असते तशी. म्हणून 'शिडीची वीण' म्हणा. साधी फुलीची ओवण वेगळी आणि ही वेगळी, हे ऐकताच कळते.

दिखाव्याचा अर्थ मात्र शब्दात कोंबू नये. ही वीण पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून छत्रीने उडी मारणारे सैनिक, आणि सलामी पथके वापरतात. तिला लेस लांब लागते, घालायला-काढायला वेळ जातो. पण एकदा आवळली की सहसा सैल होत नाही. उडी मारणाऱ्यांचे उंच बूटही जमिनीवर आदळताना घोट्याला आधार मिळावा म्हणूनच आले. संचलनातल्या काळ्या बुटांवरची पांढरीशुभ्र लेस, ती मात्र खरी ऐट.

दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी पॅराट्रूपर विजारीचे पाय या बुटांत खोचत. इथे 'खोचणे' सोडून दुसरे क्रियापद शोधू नका. पदर खोचतात तशीच विजारही खोचतात. 1943 साली वर दोन बकले असलेला नवा बूट निघाला. पायदळाला आणि पॅराट्रूपरना तो एकच द्यायचे ठरले, तेव्हा पॅराट्रूपरना ते मुळीच रुचले नाही. बूट ही त्यांची ओळख झाली होती. नुसता दिखावा असता तर एवढे वाईट वाटले नसते, असे मला वाटते.

सैनिकी गणवेशावर खांद्यावरून काखेत जाणाऱ्या वेणीदार दोरीला काय म्हणावे, असाही उपप्रश्न आहे. 'गोफ' हा शब्द तयार आहे, तो वापरा. फ्रेंच सैन्यात अशा गोफाला फूराजेर म्हणतात, आणि 1916 पासून तो अख्ख्या तुकडीच्या पराक्रमाची खूण म्हणून दिला जाऊ लागला. अमेरिकेच्या पाचव्या आणि सहाव्या मरीन रेजिमेंटना तो पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीबद्दल मिळाला. आज तिथे नव्याने रुजू झालेला सैनिकही तो घालतो, पण रेजिमेंटमध्ये असेपर्यंतच.

'वर्दी' की 'गणवेश'? सैनिकाच्या संदर्भात दोन्ही चालतात. फक्त 'वर्दी दिली' म्हटले की मराठी माणसाला कपडे नव्हे, खबर दिल्याचे ऐकू येते, तेवढे वाक्य जपून रचा.

आणि घोट्यापासून पोटरीपर्यंत गुंडाळायच्या कापडाला, इंग्रजीतल्या 'puttee'ला, 'पटी' लिहू नका, 'पट्टी' लिहा. इंग्रजांनी तो शब्द आपल्याकडच्या 'पट्टी'वरूनच उचलला आहे.