नवीन वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी: शिकण्याचा तास आधी ठरवा

डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालात, आता आठवड्यातला एक तास शिकण्यासाठी राखून ठेवा. ओपीडी, लसीकरण, ऑनलाइन अहवाल आणि आढावा बैठकांतून तो आपोआप उरत नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आधीच कळवा आणि तातडीच्या रुग्णासाठी आळीपाळीने एक जण बाहेर ठेवा.

त्या तासात व्याख्यान नको, आठवड्यातली एखादी केस घ्या. साप चावलेला रुग्ण आला होता? मग २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीतच का करायची, पापण्या जड होणं कशाचं लक्षण, प्रतिसर्पविष देताना अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी का हवं, हे सगळ्यांनी मिळून बोला, चाचणी करून बघा. नर्सताई, एएनएम (आरोग्यसेविका) हव्यातच. रात्री रुग्णाजवळ बहुतेकदा त्याच आधी पोचतात. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सराव मात्र प्रसूतिगृहातच करा, म्हणजे कुठलं इंजेक्शन कुठे ठेवलंय तेही कळतं.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट (मान्यताप्राप्त वैद्यकीय प्रशिक्षणांतून मिळणारे गुण) लागतात. ती वेगळी मिळवा.

प्रत्येक केस वहीत लिहून ठेवा. तुमच्या जागी बदलून येणाऱ्या डॉक्टरांना तीच वही पहिल्या दिवशी द्या.