तुतनखामेनचा मुखवटा सगळ्यात शेवटी पाहा

आई-बाबा आणि दहा वर्षांची लेक बरोबर, कैरोत हाताशी एकच दिवस, मग प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यातला खजिना नेमका कुठे बघायचा आणि त्याचा सोन्याचा मुखवटा पाहिला की झालं का, असं विचारलंय तुम्ही.

थेट कैरोलगतच्या गिझाचं नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम गाठा. हा खजिना पूर्वी कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या इमारतीत होता. नोव्हेंबर २०२५ पासून थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात. तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच काढा. आत शिरल्यावर राजा रामसेस दुसरा याचा अकरा मीटर उंच पुतळा समोर येतो. पुढच्या भव्य जिन्याला कडेने सरकता जिनाही आहे, त्यामुळे आई-बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको.

आता मुखवट्याचं. दहा किलोंहून जास्त वजनाचा आहे, तो डोळे दिपवणारच. पण तो आधी पाहिलात तर बाकीच्या वस्तूंकडे नजर वळत नाही. पहिल्या खेपेला माझं तसंच झालं आणि त्याची हळहळ मला बरीच वर्षं होती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी तुतनखामेनच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंपासून सुरुवात केली. आठ-नऊ वर्षांचा असताना गादीवर बसलेला आणि एकोणिसाच्या आसपास गेलेला मुलगा होता हो तो! त्याची लहानपणची खुर्ची बघा, तुमच्या लेकीलाही जेमतेम पुरेल एवढीच आहे. एका पादत्राणाच्या तळव्यावर बांधलेले शत्रू दाखवलेत, म्हणजे पाऊल टाकलं की ते पायाखाली. थडग्यात सुमारे १३० काठ्याही सापडल्या.

लेकीला सेनेतचे पट नक्की दाखवा. तीस घरांचा हा खेळ, सोंगट्या ठेवायला पटालाच खण. दान टाकायला एक बाजू सपाट असलेल्या काड्या वापरत. आपण चिंचोके फोडून पांढऱ्या-काळ्या बाजूंवर दान मोजतो ना, अगदी तसंच. एवढं सांगितलंत की ती तिथून हलायची नाही.

माझा जीव मात्र खंजिरात अडकलाय. ममीच्या उजव्या मांडीशी मिळालेला, सोन्याची मूठ आणि लोखंडी पातं. लोखंड वितळवण्याची कला इजिप्तमध्ये रुळण्याआधीचा हा काळ. पात्यातलं निकेलचं प्रमाण तपासल्यावर २०१६ साली नक्की झालं की ते उल्केचं लोखंड आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला १९२२ साली थडगं सापडलं तेव्हा बत्तीस शतकं उलटून गेली होती, तरी पातं गंजून गेलं नव्हतं. तिथे पाच मिनिटं तरी थांबा.

तुतनखामेनच्या सिंहासनाच्या पाठीवर राणी त्याला अत्तर लावताना दिसते. वरच्या सूर्यकिरणांच्या टोकांना इवलेसे हात आहेत, ते जवळ जाऊन बघा. मग मुखवटा.

हो, लेक ममी बघायची म्हणून हटून बसली तर तिला आधीच सांगा, तुतनखामेनची ममी इथे नाही, ती लक्झर शहराजवळ त्याच्या थडग्यातच आहे. रामसेस दुसऱ्यासह बऱ्याच राजांच्या ममी २०२१ पासून कैरोतल्याच फुस्तातच्या म्युझियममध्ये आहेत. एका दिवसात दोन्ही नको, आई-बाबा फार थकतील.