ट्रामचा सांधा आणि ड्रायव्हरचा पाय

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील १९५२ ते १९६१ या काळात नोकरीनिमित्त मुंबईत होते आणि त्यानंतर नागपूरला, महालातल्या आमच्या घरी परत आले. त्यांच्या एका जुन्या वहीत मुंबईच्या ट्रामचे वर्णन आहे आणि त्यात ‘ड्रायव्हर उभ्याउभ्याच पायाने खटका दाबी आणि गाडी दुसऱ्या रुळावर वळे’ असे एक वाक्य आहे. रूळ बदलण्याचे पायाने चालणारे साधन खरोखर होते काय? असल्यास ते कसे चालत असे?
– एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या वडिलांनी ड्रायव्हरचा पाय खाली जाताना पाहिला, हे निःसंशय खरे आहे, मात्र तो पाय आणि गाडीचे वळणे यांचा त्यांनी जो संबंध जोडला, तो बहुधा खरा नसावा. मुंबईच्या ट्राममध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली घंटेची खुंटी असे. ती टाचेने दाबली की घंटेवर टोला पडे आणि रस्त्यातली माणसे, हातगाड्या, टांगे बाजूला होत. मोटारीप्रमाणे ट्रामला चुकवून जाता येत नाही, त्यामुळे समोरच्याला हटवणे किंवा थांबणे एवढे दोनच उपाय तिच्या ड्रायव्हरपाशी असतात. साहजिकच चौक आणि वळणे जवळ आली की घंटेचा गजर वाढे. पाय दाबला गेला, घंटा वाजली आणि लगेच गाडी वळली, असे दररोज पाहणाऱ्या उतारूला पायानेच गाडी वळते असे वाटले, तर त्यात नवल नाही.

तरीही आपला प्रश्न एवढ्यावर मिटत नाही, कारण रूळ बदलण्यासाठी पायाने चालवायची साधने खरोखरच तयार झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शहरांत ट्रामचे जाळे झपाट्याने वाढत होते आणि त्या काळात अशा अनेक रचनांची पेटंटे घेतली गेली. ती का सुचली आणि पुढे मागे का पडली हे समजण्यासाठी आधी ट्रामचा सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारी रचना, कसा असतो ते पाहावे लागेल.

आगगाडीचा रूळ खडीवर उघडा असतो, तर ट्रामचा रूळ रस्त्याच्या पृष्ठभागात गाडलेला असतो आणि चाकाची कड जावी म्हणून त्याच्या अंगातच एक अरुंद खोबण ठेवलेली असते. जेथे एका मार्गाचे दोन मार्ग होतात, तेथे या खोबणीत टोकाकडे निमुळती होत गेलेली एक पोलादी पट्टी बसवतात. तिला आपण जीभ म्हणू. जिभेचे जाड टोक एका खिळीवर फिरते आणि निमुळते टोक खोबणीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन बोटांच्या अंतरात, सरकते. ती एका बाजूला असेल तर चाक सरळ जाते आणि दुसऱ्या बाजूला असेल तर वळते. आगगाडीच्या सांध्यात दोन्ही रुळांच्या पात्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि बरोबर हलतात, परंतु ट्रामच्या अनेक जुन्या सांध्यांत जीभ एकाच रुळाला असे. समोरच्या रुळात काहीही न हलणारा ओतीव तुकडा बसवलेला असे. एकाच आसावर घट्ट बसवलेल्या दोन चाकांपैकी एकाला वाट दाखवली की दुसरे निमूटपणे तिकडे जाते, या साध्या गोष्टीवर ही काटकसर उभी होती. कॅनडातील टोरांटो शहरात एकाच जिभेचे असे सांधे आजही वापरात आहेत.

जीभ अर्ध्यावर राहिली तर चाक वर चढून गाडी रुळावरून उतरेल, म्हणून रस्त्यातील झाकणाखालच्या पेटीत एक स्प्रिंग असते. जीभ मध्यापुढे गेली की स्प्रिंग तिला उरलेले अंतर ओढून नेते आणि तेथे दाबून धरते. जीभ हलवण्यासाठी या स्प्रिंगच्या जोरावर मात करावी लागते, म्हणून नुसत्या बोटाने ढकलून ती हलत नाही.

आता ड्रायव्हरकडे पाहू. विजेच्या ट्राममध्ये त्याचा डावा हात मोटारला वीज देणाऱ्या कंट्रोलरच्या मुठीवर आणि उजवा हात ब्रेकच्या दांड्यावर गुंतलेला असे. सांधा आला की गाडी थांबवायची, खाली उतरायचे, लोखंडी सळईने जीभ सरकवायची, परत चढायचे आणि गाडी सुरू करायची, हे दिवसातून कितीतरी वेळा करावे लागे. मोकळे उरत ते पाय. त्यांपैकी एका पायाकडे घंटा होती आणि अनेक गाड्यांत घसरत्या रुळावर वाळू सोडण्याची खुंटीही पायाखालीच असे. पायाला आणखी एक काम देण्याची कल्पना येथूनच आली.

गाडीवर बसवायच्या अशा साधनाचा ढोबळ आराखडा पुढीलप्रमाणे असे. ड्रायव्हर उभा राहतो त्या फलाटाच्या जमिनीतून एक किंवा दोन पेडल वर आलेले असत. पेडल दाबले की तरफेच्या योगाने गाडीच्या पुढच्या चाकांसमोर टांगलेला एक पोलादी दांडा रस्त्यापर्यंत खाली येई. दांड्याचे टोक पाचरीसारखे तिरपे घडवलेले असे. गाडी पुढे सरकताना ते टोक जीभ आणि रुळाची कड यांच्यामधल्या फटीत शिरे किंवा जिभेशी जोडलेल्या एखाद्या आडव्या तुकड्याला रेटा देई, आणि जीभ पलीकडे सरके. डावीकडे वळायचे असल्यास एक दांडा आणि उजवीकडे वळायचे असल्यास दुसरा. पाय उचलला की स्प्रिंग दांड्याला वर खेचून घेई. यात बळाचा प्रश्न येत नाही, कारण जीभ सरकवण्याचे खरे काम पायाऐवजी धावत्या गाडीचा रेटा करतो आणि पायाला फक्त दांडा खाली धरून ठेवायचा असतो. साठ किलो वजनाचा माणूस तीनास एक अशा तरफेवर भार टाकील, तर दुसऱ्या टोकाला एकशेऐंशी किलोचा दाब मिळतो, आणि या कामाला तो पुरून उरतो.

कागदावर यात खोट काढणे कठीण आहे. अडचण होती ती रस्त्यात. जिभेची खोबण हे रस्त्यातले सर्वांत सखल स्थान असल्यामुळे दगडगोटे, चिखल, घोड्यांची लीद, थंड देशांत बर्फ, सगळे तेथेच येऊन बसे. पेटीत पाणी साचू नये म्हणून तिला गटाराकडे जाणारी नळी द्यावी लागे, आणि ती नळीही तुंबे. सळई घेऊन उतरलेला माणूस खोबणीत काय अडकले आहे ते पाहतो, सळईच्याच चपट्या टोकाने ते उकरून काढतो आणि मग जीभ ढकलतो. पेडलवर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. खोबणीत खडा असेल तर त्याचा दांडा तरी वाकतो किंवा जीभ अर्ध्यावर तरी राहते, आणि दोन्ही गोष्टी कळेपर्यंत चाक सांध्यावर पोहोचलेले असते.

दुसरी अडचण याहून गंभीर होती. दांडा क्षणभर उशिरा पडला आणि पुढची चाके निघून गेल्यावर जीभ सरकली, तर गाडीचा पुढचा भाग सरळ आणि मागचा भाग वळणावर, अशी गाडी दोन मार्गांत फाकून रस्त्यात आडवी होते. ट्राम चालवणाऱ्यांना याच अपघाताची सर्वांत जास्त धास्ती असते. जीभ गाडीखाली असताना हलता कामा नये, हा सांध्याचा पहिला नियम आहे, आणि तो पाळला जाईल याची पायाच्या साधनात काहीच तरतूद नव्हती.

शिवाय खर्चाचा हिशेब होताच. प्रत्येक गाडीच्या पोटाखाली तरफा, दांडे आणि स्प्रिंगा बसवून त्यांची निगा राखण्यापेक्षा प्रत्येक ड्रायव्हरला एक लोखंडी सळई देणे आणि वर्दळीच्या चौकात एक सांधेवाला उभा करणे कंपन्यांना स्वस्त पडे. सळईला तेलपाणी लागत नाही. कोलकात्यात १९०२ साली विजेची ट्राम सुरू झाली आणि तेथे सळईने सांधा बदलणारी माणसे अगदी अलीकडच्या काळापर्यंत दिसत असत. माझ्या मते पायाच्या साधनाची कल्पना चुकीची नव्हती, पण त्या काळच्या रस्त्यात ती टिकण्यासारखी नव्हती.

प्रश्न : मुंबईत सुरुवातीला घोड्यांची ट्राम होती. तिचे रूळ घोडाच आपल्या पायाने बदलत असे, असे एका गृहस्थांनी इतवारीतल्या आमच्या बैठकीत ठासून सांगितले. ही थापच ना?
– एक व्यापारी, इतवारी, नागपूर

उत्तर : त्या गृहस्थांना एकदम खोटे पाडू नका. मुंबईची घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली आणि तिचा पहिला मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत होता. मुंबईच्या सांध्यांत घोड्याच्या पायाचा काही उपयोग केला होता, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत मात्र घोड्याच्या वजनावर चालणारे सांधे होते. त्यात सांध्याच्या अलीकडे, रुळांच्या मधल्या जागेत, तराजूच्या पारड्यासारखी मध्यावर तोललेली एक लोखंडी फळी बसवत आणि ती खालून जिभेला जोडत. ड्रायव्हर लगाम खेचून घोड्याला ज्या बाजूने चालवी, ती बाजू खाली दबे आणि जीभ त्या बाजूच्या मार्गाला लागे. म्हणजे निर्णय माणसाचा आणि पाय घोड्याचा. आपण मागील प्रश्नात पाहिलेल्या साधनापेक्षा हे एका बाबतीत सरस होते, कारण घोडा गाडीच्या बराच पुढे असल्यामुळे चाक येण्याच्या आधीच जीभ सरकलेली असे. दोषही उघड आहे : रस्त्यातल्या फळीला ट्रामचा घोडा कोणता आणि भाजीच्या गाडीचा कोणता हे कळत नाही.

कित्येक ठिकाणी तर एवढीही गरज पडत नसे. घोड्यांची गाडी हलकी आणि संथ असल्यामुळे जोडी जोराने एका अंगाला ओढली की गाडीचे तोंड तिकडे झुकून चाक त्या खोबणीत शिरे. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम आली. ओढणारे जनावर गेल्यावर वाट बदलायची तर जीभच हलवावी लागते, हे तेव्हापासून अटळ झाले.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आजच्या ट्राममध्ये सांधा कसा बदलतात, आणि ट्रामला जे पुरत होते ते रेल्वेला किंवा आपल्या नागपूर मेट्रोला का चालत नाही? रेल्वेचे चारी दिशांचे मार्ग जेथे एकत्र येतात त्या आपल्या डायमंड क्रॉसिंगवर एवढे सांधे कोण बदलतो, हेही सांगावे.
– एक विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सळईची जागा प्रथम घेतली ती विजेच्या एका चतुर युक्तीने. सांध्याच्या अलीकडे वरच्या तारेवर एक संपर्कपट्टी बसवत. गाडीचा तार पकडणारा दांडा त्या पट्टीखालून जात असताना ड्रायव्हरने मोटारला वीज दिलेली असेल, तर जास्त प्रवाह वाहून रस्त्यातल्या पेटीतील विद्युतचुंबक जिभेला एका बाजूला खेची, आणि वीज बंद ठेवून गाडी नुसती वेगावर जाऊ दिली असेल, तर जीभ दुसऱ्या बाजूला जाई. दिव्यांना लागणाऱ्या थोड्याशा प्रवाहाने चुंबकाची फसगत होऊ नये म्हणून प्रवाहाची किमान मर्यादा ठरवलेली असे. आता अनेक शहरांत गाडीतून संकेत पाठवून सांधा बदलतात आणि गाडी सांध्यावर असेपर्यंत जीभ हलणारच नाही असे कुलूपही त्यात असते.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेत १९३६ साली पीसीसी नावाची नवी ट्राम रस्त्यावर आली. तिच्यात ड्रायव्हर बसून गाडी चालवी आणि मोटारीप्रमाणे त्याच्या पायाशी तीन पेडल असत : उजवीकडचे वेगाचे, मधले ब्रेकचे, आणि ड्रायव्हरची शुद्ध हरपून पाय सुटला तर गाडी आपोआप थांबावी यासाठी डावीकडचे. वीज देण्याचे काम हातातून पायात आले होते. त्यामुळे जेथे सांधे प्रवाहावर चालत, तेथे ड्रायव्हरने पेडल दाबले की गाडी एका मार्गाला जाई आणि पाय उचलला की दुसऱ्या. महालातल्या वहीतील ते वाक्य मुंबईला लागू पडत नसले, तरी त्या शहरांना अक्षरशः लागू पडते.

रेल्वेचा प्रश्न वेगळा आहे. ट्रामचा ड्रायव्हर समोर दिसेल तेवढ्यावर गाडी चालवतो आणि सांध्यावर वेग अगदी कमी करतो. जीभ उलटी दिसली तर तो थांबू शकतो. शंभर किलोमीटर वेगाने येणाऱ्या आगगाडीच्या ड्रायव्हरला पात्या दिसेपर्यंत थांबण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून रेल्वेत पात्या सरकल्या, रुळाला चिकटल्या आणि कुलूपबंद झाल्या, याची खात्री यंत्रणेला पटल्याशिवाय सिग्नल उतरत नाही. मार्च २०१९ पासून धावणाऱ्या आपल्या मेट्रोचे सांधेही विजेच्या मोटारी हलवतात आणि त्यांच्यावर नियंत्रण कक्षातून लक्ष ठेवले जाते. गाडीतल्या माणसाचा हात वा पाय तेथपर्यंत पोहोचूच नये, हाच त्या रचनेचा हेतू आहे.

डायमंड क्रॉसिंगविषयी नागपुरात जेवढा अभिमान आहे तेवढाच गैरसमजही आहे. चारी दिशांच्या गाड्या तेथे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळतात, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात साध्या डायमंड क्रॉसिंगमध्ये एक मार्ग दुसऱ्याला नुसता छेदून पलीकडे जातो. पूर्वेकडून आलेली गाडी समोरच निघते, उत्तरेकडे वळत नाही. वळणाऱ्या गाडीसाठी लागणारे सांधे तेथून दूर, वेगळ्या जागी असतात. दोन गाड्या एकाच वेळी तेथे येऊ नयेत, हे काम सिग्नलचे आहे. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की तेथे सांधे कोणीच बदलत नाही, कारण त्या चौकटीत हलणारी जीभच नसते.