किटो आहार सुरू करण्यापूर्वी

प्रश्न : मला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. वजन कमी करण्यासाठी किटो आहार घ्यावा असे वाटते. खात्रीची माहिती कोठे मिळेल?

उत्तर : आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण किटो आहारात करतात तशी कर्बोदके (धान्यांतील पिष्ट आणि साखर) दिवसाला 20 ते 50 ग्रॅमवर आणली की जुन्याच मात्रेतील काही गोळ्यांनी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्यांमुळे तर, साखर फारशी वाढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साचण्याची भीती असते. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांतच ही मर्यादा ओलांडली जाते. पदार्थांतील कर्बोदकांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत पाहावेत. पात्रताधारक आहारतज्ज्ञाची सोबत असावी; आणि, माझ्या मते तितकेच महत्त्वाचे, घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही पहिल्या दिवसापासून विश्वासात घ्यावे.