वाचकांचे प्रश्न : सुई, माडी आणि मोर

प्रश्न : रामबागेतील आमच्या जुन्या घराच्या माडीवर माझी गाणे ऐकण्याची खोली आहे. माडीची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेली असल्यामुळे कोणी जिना चढून आले की रेकॉर्ड प्लेअरची सुई उडी मारते. एका मित्राच्या सल्ल्यावरून मी टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, टोकाला, हेडशेलवर, रुपयाचे नाणे चिकटवले. उड्या कमी झाल्या, परंतु आता तबकडी संपत आली असता द्रुतातील ताना खरखरीत आणि तबल्याची चाट फाटल्यासारखी ऐकू येते. नवा टोनआर्म घ्यावा काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तूर्त घेऊ नये. आपल्या पत्रात दोन निरनिराळे आजार आहेत, आणि नाण्याने पहिल्यावर पांघरूण घालून दुसरा वाढवलेला दिसतो.

आधी नाण्याचा हिशेब करू. अलीकडचे लहान रुपयाचे नाणे तीन ते पावणेचार ग्रॅम भरते आणि नव्वदीच्या दशकातले मोठे नाणे जवळपास पाच ग्रॅमचे असते. सर्वसाधारण कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, सुईवर दीड ते दोन ग्रॅम भार हवा असतो. नाणे चिकटवल्यावर आपण टोनआर्मचा तोल साधणारे मागचे वजन, म्हणजे काउंटरवेट, सरकवले नसेल, तर सुईवर आज पाच-सहा ग्रॅमचे ओझे आहे. ओझ्याने वाकलेला बैल उधळत नाही हे खरे, पण त्याचा खांदा सोलवटतो. येथे तबकडीच्या खाचा सोलवटतात आणि सुईमागचे रबर कायमचे बसते. म्हणून नाणे आजच काढावे आणि शतांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या लहान काट्यावर सुईचा भार कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या मर्यादेत, शक्यतो वरच्या बाजूला, ठेवावा. तबकडीच्या काळजीपोटी भार फार कमी ठेवणारेही पुष्कळ आहेत, आणि ते नकळत अधिक नुकसान करतात. कारण हलकी सुई जोरकस स्वरावर खाचेच्या भिंतीपासून सुटते आणि परत आदळते.

आता समजा आपण काउंटरवेट सरकवून भार बरोबर केला होता. तरीही नाणे निरुपद्रवी ठरत नाही. टोनआर्म आणि कार्ट्रिज यांचे वस्तुमान सुईमागच्या रबराच्या स्प्रिंगवर तोललेले असते, आणि अशा प्रत्येक जोडीला झोपाळ्याप्रमाणे स्वतःचा एक झोका असतो. त्याची कंपनसंख्या काढायची रीत सोपी आहे : टोनआर्मचे परिणामी (सुईच्या टोकाशी जाणवणारे) वस्तुमान आणि कार्ट्रिजचे वजन यांची ग्रॅममधील बेरीज घ्यावी, तिला कार्ट्रिजच्या लवचिकतेने, म्हणजे सुई किती सहज लवते हे सांगणाऱ्या आकड्याने, गुणावे, गुणाकाराचे वर्गमूळ काढावे आणि १५९ ला त्या वर्गमुळाने भागावे. टोनआर्म १० ग्रॅम, कार्ट्रिज ६ ग्रॅम आणि लवचिकता २० असेल तर उत्तर सुमारे ८.९ हर्ट्‌झ येते. हा आकडा ८ ते १२ च्या दरम्यान असावा असे मानतात, कारण त्याच्या खाली पावलांचे हादरे आणि वाकलेल्या तबकडीचे हेलकावे असतात, तर वर, वीस हर्ट्‌झपासून, ऐकू येणाऱ्या आवाजाचा प्रदेश सुरू होतो. चार ग्रॅमचे नाणे चढवताच ८.९ चे ८ होतात, म्हणजे झोका नेमका जिन्याच्या दिशेने सरकतो. उड्या कमी झाल्या त्या झोका सुधारला म्हणून नव्हे, तर भार वाढला म्हणून, असा माझा कयास आहे. मात्र आपल्या मित्राचा सल्ला सरसकट वेडगळ नाही : कार्ट्रिज ताठ, म्हणजे लवचिकता दहाच्या घरातली, आणि टोनआर्म हलका असेल, तर तेच नाणे आकडा १२.६ वरून ११.२ वर आणते आणि ते योग्य औषध ठरते. जपानी कंपन्या लवचिकतेचा आकडा बहुधा १०० हर्ट्‌झला मोजून देतात. या हिशेबासाठी तो दीड ते दोन पट धरावा लागतो. ही एक गोष्ट न कळल्यामुळे कित्येक चांगले टोनआर्म विनाकारण बदनाम झाले आहेत.

जिन्याच्या हादऱ्यांवर उपाय टोनआर्ममध्ये नसून भिंतीत आहे. तुळयांवरची जमीन पावलागणिक लवते, आणि तिच्यावर कितीही जड टेबल ठेवले तरी तेही जमिनीबरोबरच हलते. स्प्रिंगांवर तरंगणारा प्लेअर असेल तर अशा जमिनीवर त्याची स्थिती सर्वांत वाईट होते. जुन्या घरांच्या भिंती जाड असतात. त्यांपैकी बाहेरच्या, छताचा भार पेलणाऱ्या भिंतीत दोन मजबूत लोखंडी ब्रॅकेट लांब बोल्टांनी बसवून त्यांवर कोटा फरशी ठेवावी आणि तिच्यावर प्लेअर ठेवावा. भिंत चुन्यामातीची असेल तर साधे प्लॅस्टिकचे गुल्ले तेथे धरत नाहीत. भोके पाडण्यापूर्वी खात्री हवी असेल, तर प्लेअर तात्पुरता खिडकीच्या रुंद दगडी कट्ट्यावर ठेवून घरातल्या एखाद्या उत्साही मुलाला जिना चढा-उतरायला सांगावे. स्पीकर त्या फरशीवर किंवा त्याच भिंतीला टेकवून ठेवू नयेत. अन्यथा पावलांचे हादरे जाऊन डग्ग्याचे हादरे येतील, आणि आवाज चढवताच घुमारा आपोआप वाढत जाईल.

आता दुसरा आजार. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एकाच गतीने फिरत असली, तरी सुईखालून सरकणारी खाच सर्वत्र सारख्या वेगाने जात नाही. बाहेरच्या कडेला हा वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो, तर आत, मध्यापासून ६ सेंटिमीटरवर, तो २१ सेंटिमीटरपर्यंत उतरतो. तेवढाच स्वर निम्म्याहून कमी जागेत कोरावा लागतो, आणि सुई किंचित तिरकी असली तरी ते तेथे सर्वाधिक जाणवते. पाश्चात्त्य रचनांपैकी पुष्कळ रचनांत जोराचा भाग कोठेही येतो. आपला खयाल मात्र बाहेरच्या प्रशस्त खाचांत विलंबित मांडतो आणि आतल्या चिंचोळ्या खाचांत द्रुत, ताना आणि तबल्याची धांदल आणून ठेवतो. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली लाँगप्ले आपल्यापाशी असेल, तर तिच्याइतकी कठोर परीक्षा दुसरी नाही : सुरुवातीच्या खर्जात जमिनीची घरघर उघडी पडते आणि शेवटच्या द्रुतात सुईचा कोन.

एका टोकाला खिळलेला टोनआर्म कमानीत फिरत असल्यामुळे सुई खाचेला अगदी सरळ अशी दोनच ठिकाणी असते. लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवॉल्ड यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या गणितानुसार ही ठिकाणे मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात, आणि कार्ट्रिजचा कोन जुळवण्याचे बहुतेक कोनमापक कागद त्यांनाच धरून छापलेले असतात. स्टीव्हनसन यांच्या १९६६ च्या मांडणीत आतला बिंदू ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ शेवटच्या खाचेवर, आणि बाहेरचा ११७.४ वर येतो. तिच्यात मधल्या पट्ट्यात त्रुटी थोडी वाढते म्हणून जाणकार तिला नाके मुरडतात. माझ्या संग्रहात खयालच अधिक असल्यामुळे मी गेली अनेक वर्षे तीच वापरतो आणि मला पश्चात्ताप झालेला नाही. कागद छापून घेताना तो लहानमोठा झालेला नाही ना हे पट्टीने तपासावे. नाणे चिकटवताना कार्ट्रिज जरासे फिरले असण्याचीही शक्यता आहे, आणि तेथे एक मिलिमीटर पुष्कळ असतो. त्यानंतर अँटी-स्केटिंग, म्हणजे टोनआर्मला आत ओढणाऱ्या जोराला तोलणारी योजना, सुईच्या भाराइतके लावावे. एवढे करूनही ताना फाटत असतील, तर सुईच झिजली असे समजावे.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून वापरलेला, पट्ट्यावर चालणारा जुना प्लेअर आणला आहे. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावूनही गाणे मंद आणि जड वाटते. पट्टा बदलावा काय?
— एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : पट्टा निर्दोष असावा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची कंपनसंख्या बदलत नाही. अमेरिकेत ती ६० आहे आणि आपल्याकडे ५०. त्या जातीची मोटर कंपनसंख्येवर चालते, म्हणून ती सहाच्या जागी पाच पावले टाकते आणि तबकडी मिनिटाला ३३⅓ ऐवजी पावणेअठ्ठावीसच्या आसपास फिरते. घरात पेटी असेल तर पडताळा सहज घेता येईल : काळी चारमध्ये गाणाऱ्याचा षड्ज आपल्याला पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येईल. मोटरवरची पुली ५० हर्ट्‌झसाठी, म्हणजे व्यासाने १.२ पट मोठी, मिळाली किंवा चांगल्या खरादवाल्याकडून तंतोतंत करून घेता आली, तर प्रश्न मिटेल. तोवर त्यावर रियाज करू नये.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी सिमरोलच्या बाजूला शेतावर राहायला आलो आहे. गाणे ऐकण्यासाठी १२ बाय १२ फुटांची खोली बांधली, पण मोर, टिटव्या, ट्रॅक्टर आणि देवळातील भजन यांमुळे निवांतपणा मिळत नाही. शिवाय विहिरीवरची मोटर सुरू झाली की स्पीकरमधून गुणगुण येते. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावून खोली बंद करावी असा विचार आहे. वडिलांच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही स्वच्छ करायच्या आहेत.
— एक वाचक, इंदूर जिल्हा

उत्तर : अंड्यांच्या ट्रेने मोर थांबत नाही. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि फटी नसलेले दार लागते. ट्रे फार तर खोलीतला वरच्या पट्टीतला थोडासा प्रतिध्वनी शोषतो आणि पालींना आसरा देतो. दाराखालची फट बुजवली आणि खिडकीला रबरी पट्टी लावली, तर निम्मे काम होईल. छत पत्र्याचे असेल, तर आषाढ-श्रावणात गाणे ऐकण्याचा नाद सोडून पाऊस ऐकावा.

खरा दोष बाहेरच्या आवाजांपेक्षा खोलीच्या मापात आहे. दोन्ही बाजू बारा फुटांच्या असल्यामुळे दोन्ही दिशांना सुमारे ४७ हर्ट्‌झची आणि तिच्या दुपटीची, ९४ ची, लाट उभी राहते, आणि हा दुसरा आकडा डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या प्रदेशात पडतो. त्यातच आपण गादी-लोड भिंतीला टेकवून बसत असाल, तर भिंतीशी या सगळ्या लाटा सर्वाधिक जोरात असतात. गादी भिंतीपासून तीन फूट पुढे ओढावी. तेथे ९४ ची लाट जवळजवळ नाहीशी होते. एका भिंतीला भरलेले पुस्तकांचे कपाट लावावे आणि स्पीकरसमोरच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगाव्यात. खर्च काही नाही, आणि गोधड्या थंडीत कामाला येतात.

गुणगुण खिडकीतून येत नसून अर्थिंगच्या तारेतून येते. कार्ट्रिजमधून निघणारा विजेचा अंश अवघ्या तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे मोटरच्या वाहिनीतील किरकोळ गडबडही त्यावर स्वार होते. प्लेअरची बारीक अर्थ-तार अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडावी, दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत आणि प्लेअरसाठी जमिनीत वेगळी सळई मुळीच ठोकू नये.

मोरांविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. मोरांचा ओरडा पावसाळ्याच्या तोंडाशी वाढतो आणि नंतर ओसरतो. मळणीयंत्राचा गोंगाटही गहू निघेपर्यंतच. रात्री दहानंतर आपल्या शेतावर जी शांतता असेल, तिच्यापेक्षा बहुतेक तबकड्यांची स्वतःची खरखर मोठी असते; तशी रात्र आम्हा शहरातल्या मंडळींना मिळत नाही. कुमार गंधर्व क्षयाच्या उपचारासाठी आपल्या जवळच्याच देवासला येऊन राहिले, तेव्हा अंथरुणावर असताना माळव्याच्या लोकधुना त्यांच्या कानांवर पडत राहिल्या आणि पुढे त्या धुनांतून त्यांनी नवे राग बांधले. देवळातील भजनाच्या वेळी प्लेअर बंद ठेवावा, आणि जमल्यास ते एखाद्या लहान रेकॉर्डरवर टिपून ठेवावे. माइकवर स्पंजाचे टोपडे हवे, नाहीतर नुसता वाराच मुद्रित होतो. डिझेल इंजिनाची टुकटुक आणि बैलांच्या घुंगुरमाळाही टिपाव्यात. या दोन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत कमी होत आहेत.

वडिलांच्या तबकड्यांना लाँगप्लेची सुई लावू नये. तिचे टोक सुमारे १८ मायक्रॉनचे असते, ते ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन धूळच वाचते. या तबकड्यांसाठी ७० ते ७५ मायक्रॉनची सुई वेगळी मिळते. अँप्लिफायरला मोनोचे बटण असल्यास ते दाबावे, म्हणजे खाचेच्या उभ्या दिशेची बरीच खरखर गळून पडते. धुण्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब पुरेत. लेबल भिजू देऊ नये आणि तबकडी सावलीत उभी वाळवावी. स्पिरिटचा बोळा मात्र या तबकड्यांजवळही नेऊ नये, कारण त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.